जाडी न वाढता वाढलेली बॅटरी

पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्ल्यांत मोबाइलच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. तिथे एकाच फोनच्या बॅटरीचे तीन भाव सांगतात. ‘कॉपी’ सगळ्यांत स्वस्त, ‘ओरिजिनल’ त्याच्या जवळपास दुप्पट, आणि सगळ्यांत वर ‘हाय कॅपॅसिटी’. माझा फोन २०१९ सालचा, मूळ बॅटरी ४००० एमएएचची. दुकानदाराने काचेवर ठेवलेल्या डबीवर सोनेरी आकड्यांत ५५०० छापलं होतं.

“साइज तीच आहे ताई. फोनमध्ये काही बदलावं लागत नाही. फक्त बॅकअप वाढतो.”

साइज तीच आणि बॅकअप वाढलेला, हे दोन्ही एकदम कसं, असं विचारल्यावर तो म्हणाला, “टेक्नॉलॉजी.” मग मी काटा मागितला. शेजारच्या दुकानात सुटे भाग तोलायला ठेवलेला तळहाताएवढा डिजिटल काटा होता, तो आला. ‘ओरिजिनल’ म्हणून दाखवलेली ४००० ची बॅटरी भरली ५७ ग्रॅम. ५५०० ची भरली ५६.

हा एक ग्रॅमचा फरक मला डबीवरच्या आकड्यापेक्षा जास्त बोलका वाटला. बॅटरीत साठणारी ऊर्जा म्हणजे एमएएच गुणिले व्होल्ट. फोनच्या सेलचा सरासरी दाब साधारण ३.८५ व्होल्ट धरतात. म्हणजे ४००० एमएएच म्हणजे १५.४ वॉट-तास, आणि ५७ ग्रॅमांत ते बसले तर किलोमागे सुमारे २७० वॉट-तास होतात. फोनच्या चांगल्या सेलची मजल इथपर्यंतच असते. आता ५५०० खरे माना. २१.२ वॉट-तास, ५६ ग्रॅमांत. म्हणजे किलोमागे ३७८. सोनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली तेव्हा हा आकडा ८० च्या आसपास होता. तिथून २७० पर्यंत यायला जगभरच्या प्रयोगशाळांना तीन दशकं लागली, आणि वाटेत २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना मिळालं. २७० वरून ३७८ ची उडी मारणारा सेल बुधवार पेठेत डबीत मिळत असता, तर इलेक्ट्रिक गाड्यांच्या कारखानदारांनी पासोड्या विठोबासमोर रांग लावली असती.

तरी मी तीच घेतली. हिशेब कागदावर बरोबर असला तरी फोनमध्ये काय होतं ते बघायचं होतं. शिवाय ही बॅटरी घेणारे वेडे नाहीत. ती खपते, लोक पुन्हा घेतात, मित्रांना सांगतात. त्यांना काहीतरी मिळत असणारच.

वाढीव बॅटरी ही कल्पना मुळात खोटी नाही. फोनचं मागचं झाकण नखाने उघडायचं, तेव्हाची गोष्ट. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस ४ ची मूळ बॅटरी २६०० एमएएचची होती. झीरोलेमन नावाची कंपनी त्याच फोनसाठी ७५०० ची विकायची. सोबत फुगीर पाठीचं नवं झाकणही द्यायची, कारण जुनं बसणं शक्यच नव्हतं. फोन विटेसारखा जाड व्हायचा, शर्टाच्या खिशात मावायचा नाही, नेहमीचं कव्हर फेकून द्यावं लागायचं. पण आकडा खरा होता आणि तो खरा का, हे डोळ्यांना दिसत होतं. सॅमसंगने २०१५ साली गॅलेक्सी एस ६ ची पाठ काचेने बंद केली. बाकीच्या कंपन्या आधी किंवा नंतर त्याच वाटेने गेल्या. ग्राहकाच्या हातून बॅटरी गेली, तशी ती जाड होण्याची सोयही गेली. जाड होता येईना, तेव्हा बाजाराने आकडाच जाड केला.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. सिलिकॉन-कार्बन. नेहमीच्या सेलमध्ये ऋण ध्रुवावर ग्रॅफाइट असतं. त्यात सिलिकॉन मिसळलं की तेवढ्याच जागेत जास्त लिथियम सामावतं. ऑनरने २०२३ साली चीनमध्ये असा फोन आणला, आणि आता आपल्याकडेही सहा-सात हजार एमएएचचे, तरीही हातात जड न वाटणारे फोन मिळतात. ती वाढ खरी आहे. पण सिलिकॉन लिथियम पिऊन तिपटीहून जास्त फुगतं, म्हणून त्याचं प्रमाण, सेलची रचना, चार्जिंगचा दाब हे सगळं त्या फोनसोबतच ठरवावं लागतं. २०१९ च्या फोनसाठी कुणीतरी कुठेतरी तयार केलेल्या सुट्या पाकिटात ते आपोआप येत नाही. माझ्या डबीवर सिलिकॉनचा उल्लेखही नव्हता.

बॅटरी बसवणारा मुलगा विशीतला, मूळ लातूरकडचा. त्याचं काम बघण्यासारखं होतं. फोन बंद करून त्याने तो गरम प्लेटवर ठेवला. पाठीचा गोंद सैल झाल्यावर गिटारच्या पिकसारखी प्लॅस्टिकची चकती कडेने फिरवली. स्क्रू काढून चुंबकाच्या पाटीवर त्याच क्रमाने मांडले. सगळ्यांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला, मगच बाकीचं. जुनी बॅटरी डबल टेपने घट्ट चिकटलेली होती. तिच्याखाली त्याने अल्कोहोलचे थेंब सोडले, थोडं थांबला आणि रुंद प्लॅस्टिकच्या पट्टीने ती हळूहळू उचलली. लोखंडी पट्टी का नाही, असं विचारल्यावर त्याने डावा आंगठा दाखवला. जुना, पांढरा पडलेला डाग होता. “शिकत होतो तेव्हा. भोक पडलं आणि भकदिशी पेटली.” जुनी बॅटरी बाहेर आली तेव्हा तिचं पोट किंचित फुगलेलं होतं. त्याने ती दोन बोटांत धरून दाखवली आणि वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकली.

एक गोष्ट त्याने न विचारता सांगितली, ती बरेच दुकानदार सांगत नाहीत. “पाठ नव्या गमने चिकटवतोय, पण पहिल्यासारखा वॉटरप्रूफपणा आता नाही. पावसात जपा.”

आता मोजणी. फोनमधल्या बॅटरीच्या टक्क्यांवर विश्वास ठेवून उपयोग नाही. ते टक्के फोनमधली एक चिप मनाशी हिशेब करून सांगते, आणि त्या हिशेबाला बॅटरी किती मोठी हे आधीच सांगून ठेवलेलं असतं. बॅटरीची माहिती दाखवणारी ॲपही बहुतेक वेळा फोन बनवणाऱ्याने भरलेला आकडाच परत वाचून दाखवतात. म्हणून चार्जर आणि केबलच्या मध्ये बसणारा यूएसबी मीटर वापरायचा. केबलमधून किती वॉट-तास गेले ते तो मोजतो. फोन पूर्ण उतरवायचा, बंद ठेवूनच पूर्ण भरायचा आणि आकडा लिहून घ्यायचा. चार्जरपासून बॅटरीपर्यंत पोचताना साधारण आठवा हिस्सा उष्णतेत जातो, तो वजा करायचा. प्रयोगशाळेइतकं अचूक नाही, पण ४००० आणि ५५०० यांतला फरक कळायला पुरेसं.

जुन्या बॅटरीने, दुकानात जाण्याआधी, १२.१ वॉट-तास घेतले होते. घट वजा जाता ती उरली होती सुमारे २७५० एमएएचची. नवीने घेतले १७.३. म्हणजे सुमारे ३९००. डबीवरचे ५५०० खरे असते तर मीटरने २४ च्या पुढे जायला हवं होतं. तो तिकडे फिरकलाही नाही. पुन्हा भरून पाहिलं, आकडा तिथेच.

थोडक्यात, मला मिळाली ती साधी ४००० ची बॅटरी, तीही शंभरेक एमएएच कमी.

पण गंमत अशी की फोन खरोखर सुधारला. जुनीला संध्याकाळी चहाच्या वेळी चार्जर लागायचा. नवी लावल्यावर रात्री झोपताना पंधरा-वीस टक्के उरू लागले. २७५० वरून ३९००, म्हणजे ४२ टक्क्यांची वाढ. डबीवरचं वचन होतं ४००० वरून ५५००, म्हणजे साडेसदतीस टक्क्यांचं. कबूल केल्यापेक्षा जास्तच मिळालं, असं मला वाटायला हवं! कारण कोणीही नव्या बॅटरीची तुलना फोन नवा होता तेव्हाशी करत नाही, कालच्या बॅटरीशी करतो. काल जी होती ती म्हातारी होती. या धंद्याचं सगळं गुपित एवढ्यातच आहे. दुकानदार ताजेपणा विकतो आणि पैसे घेतो वाढीव क्षमतेचे. गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि खूश झालेलं गिऱ्हाईक काटा मागत नाही.

फर्ग्युसन रस्त्यावर एका हॉटेलाबाहेर ऑर्डरची वाट पाहणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला मी विचारलं, तर त्याने अशी बॅटरी वापरलेली होती. “पहिले तीन-चार महिने एकदम भारी होती. मग मे महिना आला.” त्याने हँडलवरचा फोन दाखवला. वर ऊन, नकाशा चालू, स्क्रीनचा उजेड पूर्ण, आणि स्कूटरच्या सॉकेटवर चार्जिंग चालू. मे सरताना फोनची पाठ उचलली गेली. आता त्याने साधी बॅटरी टाकली आहे आणि पॉवर बँक सीटखाली ठेवली आहे. “पॉवर बँक फुगली तर पॉवर बँक जाईल. फोन गेला तर आयडी बंद, धंदा बंद.”

त्याचं गणित रसायनशास्त्राला धरूनच आहे. लिथियम-आयन बॅटरी मुख्यतः दोन गोष्टींनी झिजते, उष्णता आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेतला दाब. या दोन्ही एकत्र आल्या की झीज झपाट्याने होते. पूर्ण भरलेली बॅटरी चाळीस अंशांत वर्षभर नुसती ठेवली, तरी अंदाजे तिसरा हिस्सा क्षमता कायमची जाते. अर्धवट भरून थंड जागी ठेवली तर चार-पाच टक्क्यांवर भागतं. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या घरात असताना, चार्जिंगला लावलेला फोन नेमकी पहिली परिस्थिती तयार करतो. आणि ज्यांना मोठी बॅटरी सर्वांत जास्त हवी असते, त्यांचे फोन सर्वांत जास्त तापतात. डिलिव्हरीवाले, टॅक्सीवाले, घरोघर फिरून नोंदी भरणाऱ्या आशाताई. राज्यात २०२१ च्या स्वातंत्र्यदिनापासून ई-पीक पाहणी सुरू झाली. तेव्हापासून शेतकऱ्यालाही उन्हात शेतात उभं राहून, लोकेशन चालू ठेवून पिकाचा फोटो चढवावा लागतो. गावात वीज नसते त्या दिवशी ५५०० चा आकडा त्याला काय वाटत असेल, हे पुण्यात बसून हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

आकडा छापणारेही अगदीच हवेतून छापत नाहीत असं म्हणायला थोडी जागा आहे, पण थोडीच. सेल किती व्होल्टपर्यंत भरता येतो यावर क्षमता ठरते. जुने सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरत. मग ४.३५ आले, ४.४ आले, ४.४५ आले. प्रत्येक पायरीला काही टक्के जास्त मावतं. पण कुठे थांबायचं हे फोनमधली चार्जिंगची चिप ठरवते. जास्त दाबाचा सेल जुन्या फोनमध्ये घातला, तरी फोन आपल्या ठरलेल्या पायरीलाच हात आखडतो. कारखान्याच्या टेबलावर जास्त भरलेला सेल तुमच्या खिशात कमी भरतो. हा फरक काही टक्क्यांचाच असतो. दीड हजार एमएएचचा नसतो.

आकार तोच ठेवून खरोखर जास्त भरण्याचा प्रयत्न कुणी केला तर काय होतं, याचा धडा २०१६ मध्ये सगळ्या जगाने पाहिला. सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७. आधीच्या नोट ५ मध्ये ३००० एमएएच होते, यात ३५००. फोन पेटू लागले. कंपनीने ते परत मागवले, दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटऱ्या घातल्या, तेही पेटले. आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयानेही विमानात हा फोन वापरण्यावर आणि चार्ज करण्यावर बंदी घातली. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारण सांगितलं. एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्यातले इलेक्ट्रोड दबून वाकले होते, दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे कंगोरे आतला पडदा भेदत होते. जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एकीचे, तिच्या स्वतःच्या तपासणीतून गेलेले सेल होते हे. सेल वापरात थोडा फुगतो, म्हणून फोनमध्ये त्याच्याभोवती मोकळी जागा सोडलेली असते. ती जागा खाऊन कोणी वाढीव बॅटरी बनवत असेल, तर खोट्या आकड्याच्या बॅटरीपेक्षा ती मला जास्त भीतिदायक वाटते. माझी बॅटरी खोटी निघाली हे त्या अर्थाने बरंच झालं.

आपल्याकडे २००७ च्या ऑगस्टमध्येही अशी भीती पसरली होती. नोकियाने बीएल-५सी जातीच्या ४.६ कोटी बॅटऱ्या चार्ज होताना तापू शकतात असं जाहीर केलं आणि बदलून देण्याची तयारी दाखवली. नोकिया ११०० खिशाखिशात होता तेव्हा. लोक झाकण काढून बॅटरीवरचा नंबर तपासत होते. त्या वेळी तो तपासता येत होता, हे विशेष. त्याच बीएल-५सी जातीची बॅटरी आजही छोट्या रेडिओत आणि वारीत गळ्यात अडकवलेल्या अभंगांच्या स्पीकरमध्ये सापडते. झाकण सरकवा, काढा, नवी टाका.

तपासण्याची सोय आज कागदावर आहे. भारतात विकली जाणारी मोबाइलची बॅटरी आयएस १६०४६ या मानकाप्रमाणे तपासलेली आणि भारतीय मानक ब्युरोकडे नोंदलेली असावी लागते. नोंदणी क्रमांक ‘आर’ने सुरू होतो. माझ्या बॅटरीवर तो होता. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला तर खरा निघाला, फक्त तो भलत्याच उत्पादकाच्या चार्जरला दिलेला होता. दुकानदाराला दाखवलं तर त्याने मान हलवली. “माल वरून येतो, ताई. नंबर कोण बघतं?”

‘ओरिजिनल’वालेही सगळे सोवळे नाहीत. २०१९ च्या फोनची अस्सल बॅटरी कारखान्यात कधी बनली? काही वेळा २०१९-२० मध्येच. कपाटात पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होते. त्यामुळे अस्सल पण पाच वर्षं जुनी आणि नक्कल पण सहा महिन्यांपूर्वीची, अशी निवड समोर आली तर अस्सल जिंकेलच असं नाही. अधिकृत सेवा केंद्रात मी चौकशी केली. दर लेखी मिळाला, तो बुधवार पेठेतल्या ‘हाय कॅपॅसिटी’च्या भावापेक्षा फार वर नव्हता. पण बॅटरी मागवावी लागेल, आणि कधी येईल ते सांगता येणार नाही, असं कळलं. लोक गल्लीत का जातात याचं उत्तर त्या खिडकीवर मिळालं.

माझी बॅटरी होळीच्या सुमारास बसली. गणपतीत पुन्हा मीटर लावला. १७.३ च्या जागी १५.६ वॉट-तास. सहा महिन्यांत दहावा हिस्सा गेला. युरोपात जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या फोनच्या बॅटरीने ८०० वेळा भरून उतरल्यावरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे असा नियम आहे. मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग पुरवण्याचं बंधन आहे. आणि फेब्रुवारी २०२७ पासून, काही सवलती सोडल्या तर, फोनसारख्या वस्तूंतली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. माझी बॅटरी याच वेगाने उतरली तर ८०० सोडा, चारशेच्या आतच ८० टक्क्यांवर येईल. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकासाठी समितीही नेमली. पण बॅटरीने किती चक्रं टिकावं, डबीवरचा आकडा खोटा निघाला तर कुणाकडे जावं, हे गल्लीतल्या ग्राहकाला उपयोगी पडेल इतकं ठोस अजून झालेलं नाही.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. सीलबंद फोनसाठी वाढीव बॅटरी घेऊ नका. फोनच्या मूळ आकड्याचीच घ्या. तिच्यावरची निर्मितीची तारीख विचारा आणि वर्षाच्या आतली मागा. आर-नंबर दुकानातच उभं राहून ॲपवर टाकून बघा. दुकानदार चिडला तर पुढच्या दुकानात जा, गल्लीत दुकानं भरपूर आहेत. बिल घ्या. दिवसभर बाहेर असाल तर वरची ऊर्जा पॉवर बँकेत ठेवा, तिला जाड व्हायची मुभा आहे. आणि काढलेली जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला लावण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे. सेवा केंद्रात किंवा ई-कचरा संकलन केंद्रावर ती द्या, आणि फुगलेली असेल तर त्याच दिवशी द्या.